खगोल-टपाल : किरण सोडतं कोण?

मागच्या अंकात आपल्या आकाशगंगेच्या केंद्राचं क्ष-किरणांतलं चित्र छापलं आणि टपाल वाढलं. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. ज्या पत्रांनी मलाही पुन्हा वही उघडायला लावली, ती इथं घेतली आहेत.

प्रश्न : मी बावीस वर्षं एक्स-रे विभागात तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे एका बाजूला ट्यूब, दुसऱ्या बाजूला प्लेट आणि मधे पेशंट. तुम्ही लिहिलंत, ‘आकाशगंगेच्या केंद्राचा एक्स-रे काढला’. तिथं ट्यूब कुठं आहे? किरण सोडतं कोण? आणि हाडाच्या जागी काय दिसतं?

उत्तर : ताई, ‘काढला’ हा शब्द माझाच आणि तो चुकला. एक्स-रे काढायला ट्यूब लागते हे तुम्हाला सांगायची गरज नाही. इथं ट्यूब नाही, कारण पेशंटच चमकतोय. तुमच्या फिल्मवर हाडाची सावली पडते. आमच्या चित्रात जे उजळ दिसतं तिथून किरण खरोखर निघालेले असतात.

सोडणारे बरेच आहेत. कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू आहे. शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेणारे श्वेत बटू (ताऱ्याचं इंधन संपल्यावर उरलेले दाट गोळे) आहेत, त्यांहूनही दाट न्यूट्रॉन तारे आहेत. केंद्राभोवतीच्या 2 अंश लांब आणि 0.8 अंश रुंद पट्ट्यात, म्हणजे चार पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी मांडले तर होईल एवढ्या लांबीत, नऊ हजारांवर क्ष-किरण ठिपके मोजून झाले आहेत. त्यातले बहुतेक बहुधा ते श्वेत बटूच. आणि अगदी मधे सूर्याच्या सुमारे 43 लाख पट वस्तुमानाचं कृष्णविवर, सॅजिटेरियस ए-स्टार. ते या सगळ्यांत सर्वात झगझगीत असेल असं वाटतं ना? तसं नाही. त्याबद्दल पुढं लिहिते.

सावली मात्र अगदीच नाही असंही नाही. ट्यूबच्या तोंडाशी तुम्ही ॲल्युमिनियमचा फिल्टर ठेवता, मऊ म्हणजे कमी ऊर्जेचे किरण तिथंच अडावेत, पेशंटच्या कातडीत मुरू नयेत म्हणून. आपल्या आणि केंद्राच्या मधे 26 हजार प्रकाशवर्षांचा वायू आणि धूळ आहे, ती हेच काम करते. साधारण 2 किलो इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे किरणाच्या ऊर्जेचं माप) खालचे किरण केंद्रातून आपल्यापर्यंत जवळजवळ येतच नाहीत, त्यावरचे येतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची दशा त्याहून वाईट : प्रकाशाचे एक लाख कोटी कण निघाले तर एक पोचतो. म्हणून केंद्र बघायचं तर रेडिओ, अवरक्त आणि कडक (जास्त ऊर्जेचे) क्ष-किरण, हेच मुख्य रस्ते.

या कामासाठी मी सर्वात जास्त वापरली ती चंद्रा दुर्बीण, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची, जुलै 1999 मध्ये सोडलेली. ती पृथ्वीपासून सव्वा लाख किलोमीटरहून लांब जाऊन परत येते, एका फेरीला अडीच दिवसांहून जास्त लागतात. क्ष-किरण समोरासमोर आरशावर आदळले तर आत घुसतात, हे तुम्ही रोज बघता. म्हणून तिचे आरसे डब्यात डबा बसवल्यासारखे एकात एक घातलेले आहेत, चार जोड्या, वर इरिडियमचा पातळ थर. किरण त्यांना जेमतेम घासून जातात. चपटा दगड पाण्यावर तिरका भिरकावला की तो बुडत नाही, टप्पे खात जातो, तसं.

खाली जो संवेदक आहे तो फोटो काढत नाही, यादी करतो. एक क्ष-किरण कण आला की एक ओळ : कुठं पडला, केव्हा पडला, किती ऊर्जेचा होता. तास न् तास अशा ओळी साठतात. चित्र नंतर आम्ही त्या यादीतून मांडतो. या तीन रकान्यांपलीकडे आमच्याकडे फारसं काहीच नसतं. खालच्या उत्तरांमध्ये जे जे सांगते आहे ते जवळजवळ सगळं यातल्याच कुठल्या तरी रकान्यातून आलंय.

प्रश्न : मी नववीत आहे. चित्रातला निळा, हिरवा, लाल रंग खरा आहे का, की कॉम्प्युटरवर भरलाय?

उत्तर : भरलाय. पण मनाला येईल तसा नाही. काळी चारमधलं गाणं कुणाला झेपलं नाही तर पेटीवाला ते पांढरी दोनमध्ये घेतो. पट्टी बदलते, चाल तीच राहते. क्ष-किरणांची पट्टी आपल्या डोळ्यांना झेपत नाही, म्हणून यादीतल्या कमी ऊर्जेच्या कणांना लाल, मधल्यांना हिरवा आणि जास्त ऊर्जेच्यांना निळा देतात. त्यामुळे चित्रात एखादा ठिपका निळाच दिसला तर त्याचे मऊ किरण वाटेत गाळले गेले असतील किंवा तो मुळातच कडक किरण सोडत असेल. दोन्हीतलं कुठलं, ते रंगावरून कळत नाही. त्यासाठी आकडेच बघावे लागतात.

प्रश्न : कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही, हे आम्ही पाठ केलंय. मग त्याचा क्ष-किरणांत ‘उद्रेक’ कसा दिसतो? (या अर्थाची पत्रं सर्वात जास्त आली.)

उत्तर : आतून काही येत नाही. येतं ते उंबरठ्याबाहेरून. आसपासचे तीसेक अवजड तारे जोरदार वारे सोडतात, त्यातला थोडा वायू कृष्णविवराकडे ओढला जातो, तापतो, चमकतो.

पण ‘थोडा’ म्हणजे किती थोडा, ते ऐका. वेशीपाशी जितका वायू त्याच्या पकडीत येतो त्यातला एक टक्काही शेवटपर्यंत आत पोचत नाही, बाकीचा परत बाहेर फेकला जातो. हे चंद्रा दुर्बिणीच्याच निरीक्षणांतून 2013 मध्ये दाखवलं गेलं. त्यामुळे 43 लाख सूर्यांचं हे धूड शांत असताना क्ष-किरणांत जेवढी ऊर्जा टाकतं, ती आपला एकटा सूर्य सगळ्या प्रकारात मिळून टाकतो त्याहूनही कमी भरते. चंद्राच्या यादीत त्याच्या नावावर साधारण दर तीन मिनिटांनी एक ओळ पडते. सबंध तासाला वीसेक. त्या तासाचा आलेख काढला तर कागदावर झुरळाच्या पावलांसारखे विरळ ठिपके दिसतात, बाकी कागद कोरा.

या पार्श्वभूमीवर 26-27 ऑक्टोबर 2000 ची नोंद बघा. त्या ओळी अचानक दाटल्या. कृष्णविवर नेहमीपेक्षा सुमारे 45 पट उजळलं आणि तीनेक तासांत पुन्हा निवांत झालं. त्यातही मधे एका जागी दहाच मिनिटांत उजेड पाचपट उतरला. या दहा मिनिटांत खरी मौज आहे. मैलभर लांब रांगेतल्या सगळ्यांनी एकाच क्षणी टाळी वाजवली तरी टोकाला उभ्या असलेल्या माणसाला ती एकदम ऐकू येत नाही, लांबच्यांची उशिरा येते, आवाज ताणला जातो. तसंच, चमकणारी जागा अवाढव्य असती तर तिचा उजेड दहा मिनिटांत उतरूच शकला नसता. प्रकाश दहा मिनिटांत 18 कोटी किलोमीटर जातो. पृथ्वी-सूर्य अंतर 15 कोटी. म्हणजे 26 हजार प्रकाशवर्षांवरची एक जागा, जिचा आकार कुठल्याही दुर्बिणीला तेव्हा दिसत नव्हता, ती साधारण आपल्या इथल्या सूर्यापर्यंतच्या अंतरात मावते, हे नुसत्या घड्याळाच्या रकान्यावरून कळलं. कृष्णविवराचा स्वतःचा व्यास अडीच कोटी किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे जे काही पेटलं ते दारातच पेटलं.

काय पेटतं? चुंबकी क्षेत्राच्या रेषा तुटून नव्यानं जुळताना इलेक्ट्रॉन प्रचंड वेगानं फेकले जातात, हे मला सर्वात पटणारं स्पष्टीकरण. 2012 मध्ये चंद्रानं एकूण 30 लाख सेकंद, म्हणजे जवळपास 35 दिवस, तिकडंच तोंड करून ठेवलं तेव्हा असे 39 उद्रेक मोजले गेले. दिवसाला एक धरा. बहुतेक लहान. 14 सप्टेंबर 2013 चा मात्र नेहमीच्या 400 पट होता.

आता माझी फजिती. संशोधनाला लागून मला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. या दुर्बिणींच्या जुन्या नोंदी कोणालाही उतरवून घेता येतात. मी एक्सएमएम-न्यूटन या युरोपीय दुर्बिणीची एक रात्रभराची नोंद घेतली. तिचे आरसे मोठे, ओळी भरपूर मिळतात, पण नजर चंद्राइतकी तीक्ष्ण नाही. केंद्राभोवती वर्तुळ काढलं, पाच पाच मिनिटांचे गठ्ठे करून आलेख काढला, आणि शेवटच्या तासात रेघ सरळ वर! कुणाच्याच यादीत नसलेला उद्रेक मला सापडला होता. रंगीत छपाई करून मी गाइडच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा वर सरकवला, कागद बघितला आणि एवढंच विचारलं, “त्या वेळी बाकीची चिप काय करत होती?”

चिप म्हणजे तो संवेदक. बाकीची चिप मी बघितलीच नव्हती. परत जाऊन एका रिकाम्या कोपऱ्यात तेवढंच वर्तुळ काढलं. तिथंही रेघ सरळ वर. आणखी एका कोपऱ्यात काढलं, तिथंही. अवकाशात भटकणारे प्रोटॉन आरशांवरून घसरून संवेदकावर पडले होते आणि सगळी चिपच भरून गेली होती. कृष्णविवर बिचारं झोपलेलं होतं. ती छपाई मी फाडली नाही, पाठकोरा कागद म्हणून वापरली. पण तेव्हापासून एखाद्या जागेभोवती वर्तुळ काढलं की शेजारी जिथं काही नाही तिथं दुसरं काढल्याशिवाय मी आलेख उघडत नाही.

मोठमोठेही फसतात, याचं समाधान मला 24 एप्रिल 2013 ला मिळालं. तेव्हा जी2 नावाचा एक वायूचा गोळा कृष्णविवराच्या जवळून जायच्या बेतात होता, सगळ्यांचे डोळे तिकडे लागलेले. स्विफ्ट ही दुर्बीण 2006 पासून जवळजवळ रोज केंद्राकडे एक नजर टाकून जात होती. त्या दिवशी तिला तिथं झगझगाट दिसला. आलं! कृष्णविवर जेवायला बसलं! पण उद्रेक काही तासांत विझतो, हा विझेना. दोन दिवसांनी न्यूस्टार दुर्बिणीनं घड्याळाचा रकाना तपासला, तर उजेड दर 3.76 सेकंदांनी ठोका देत होता. कृष्णविवराला नाडी नसते. हा होता मॅग्नेटार, प्रचंड चुंबकी क्षेत्राचा, स्वतःभोवती फिरणारा न्यूट्रॉन तारा. स्विफ्ट आणि न्यूस्टार दोघींच्या नजरेत तो आणि कृष्णविवर एकाच धुरकट ठिपक्यात मिसळत होते. शेवटी चंद्रानं जागेचा रकाना बघून सांगितलं : ठिपका कृष्णविवरापासून 2.4 विकला (एका अंशाचे 3600 भाग केले की एक विकला) बाजूला आहे. जी2 तर फारसं काही न करताच निघून गेला.

प्रश्न : मी हिशेबनीस होतो, आता निवृत्त. तुम्ही एका ठिकाणी म्हणता केंद्राचा प्रकाश यायला 26 हजार वर्षं लागतात. दुसऱ्या ठिकाणी म्हणता हे कृष्णविवर ‘200 वर्षांपूर्वी’ जोरात भडकलं होतं. दोन्ही नोंदी एका खात्यात बसत नाहीत. की छापताना शून्यं गळाली?

उत्तर : शून्यं शाबूत आहेत. वाक्य माझं आखूड पडलं. टपालाच्या भाषेत मांडते, ताळा लागतो का बघा.

एकाच दिवशी एकाच माणसानं दोन पत्रं टाकली. एक थेट तुमच्या पत्त्यावर. दुसरं आधी एका नातेवाइकाकडे, तिथून पुढं तुमच्याकडे. थेट पत्र 26 हजार वर्षं प्रवास करून पोचलं, समजा 1820 च्या सुमाराला. घरी कोणी नव्हतं : राँटगेनला हे किरण सापडले 8 नोव्हेंबर 1895 ला. आणि असते लोक, तरी क्ष-किरण पृथ्वीच्या हवेत वरच्या वरच मुरतात, जमिनीपर्यंत येतच नाहीत. ते पत्र कायमचं गहाळ. दुसरं मात्र वळसा घालून आलं. वळसा 200 प्रकाशवर्षांचा, म्हणून ते 200 वर्षं उशिरा, म्हणजे आत्ता, हातात पडतंय. घटना घडली सुमारे 26,200 वर्षांपूर्वी. ‘200 वर्षांपूर्वी’ हे आपल्या दारातल्या घड्याळाप्रमाणे.

नातेवाईक कोण, तर कृष्णविवराच्या आसपासचे थंडगार वायूचे ढग. आणि इथं मला पहिल्या पत्रातल्या ताईंकडे परत जायचंय, कारण हा भाग त्यांच्या रोजच्या कामातला आहे.

ताई, तुमच्या पाठ्यपुस्तकात ‘कॅरॅक्टरिस्टिक रेडिएशन’ असतं. मॅमोग्राफीच्या ट्यूबमध्ये मॉलिब्डेनमचं टार्गेट असेल तर 17.5 किलो इलेक्ट्रॉनव्होल्टची ठरलेली रेषा मिळते. अणूचा आतला इलेक्ट्रॉन उडाला की वरचा त्या जागी उतरतो आणि तेवढ्याच ऊर्जेचा किरण सोडतो. लोखंडाची अशी रेषा 6.4 ला असते. केंद्राजवळचे काही ढग नेमके 6.4 ला चमकताना दिसतात. ढग इतके थंड की स्वतःहून क्ष-किरण सोडायची त्यांची ऐपतच नाही. तेव्हा त्यांच्या लोखंडावर बाहेरून कुणी तरी मारा केला असला पाहिजे. आसपास शोधलं तर एवढा प्रखर दिवा आज कुठंच नाही. मग दिवा विझलाय आणि उजेड अजून वाटेत आहे, असं 1993 मध्येच सुन्याएव्ह, मार्केविच आणि पाव्हलिन्स्की यांनी मांडलं होतं. पुढं जपानी उपग्रह आस्कानं कृष्णविवरापासून काही शे प्रकाशवर्षांवरच्या सॅजिटेरियस बी2 या ढगात ही रेषा पक्की दाखवली. नंतरच्या दशकात तो ढग मंद होत गेला, म्हणजे झोत त्याच्यातून पुढं सरकला. इतर ढगांवर तर उजेडाचा डाग वर्षागणिक जागा बदलताना दिसतो, काही ठिकाणी प्रकाशाहून जास्त वेगानं. नियम मोडलेला नाही. बॅटरीचा झोत भिंतीवर कितीही वेगानं फिरवता येतो, भिंतीवरून कोणी धावत नसतं.

हिशेबनीस म्हणतील, दिवा कृष्णविवराचाच होता कशावरून? बरोबर आहे, पावती हवी. ती आयएक्सपीई या दुर्बिणीनं दिली. डिसेंबर 2021 मध्ये सोडलेली ही दुर्बीण यादीत चौथा रकाना भरते : किरणाच्या कंपनाची दिशा. ताई, तुम्ही प्लेटपुढं ग्रिडची जाळी लावता ती स्कॅटर, म्हणजे वाटेत आदळून विखुरलेले किरण, अडवायला. तुमच्या दृष्टीनं स्कॅटर म्हणजे कचरा, फिल्म धुरकट करणारा. पण किरण कशावर तरी आदळून विखुरला की तो कुठल्या बाजूनं आला होता याची खूण त्याच्या कंपनाच्या दिशेत उरते : कंपन आल्या दिशेला काटकोनात होतं. 2022 मध्ये आयएक्सपीईनं त्या ढगांचा स्कॅटर मोजला, चंद्राच्या नोंदींशी जोडून बघितला, काटकोनात रेघ ओढली, आणि ती सॅजिटेरियस ए-स्टारकडे गेली. हा निकाल 2023 मध्ये छापून आला. मोजमापात चूकभूल बरीच आहे, 200 ला कोणी 200 च्या काट्यावर धरू नये. शिवाय भडका एकच होता की एकामागून एक दोन-तीन, यावर अजून वाद आहेत. माझं मत एकाहून जास्त असावेत असं, कारण सगळे ढग एकाच वेगानं उजळत-विझत नाहीत. पण मी सांगितलंय म्हणून ते खरं धरू नका.

प्रश्न : पुन्हा भडकलं तर आपल्याला धोका?

उत्तर : नाही. मागच्या वेळी ते आजच्या लाखो पट उजळलं होतं आणि कुणाच्या दिनचर्येत फरक पडला नाही.

प्रश्न : घरच्या दुर्बिणीतून केंद्र दिसेल का? निदान कुठं बघायचं ते सांगा.

उत्तर : दिसणार नाही, मधली धूळ वर सांगितलीच. पण जागा सापडवता येते. वृश्चिकाची नांगी, म्हणजे मूळ नक्षत्र, ओळखता येत असेल तर हात लांब करून मूठ धरा. नांगीच्या उत्तरेला मुठीच्या रुंदीहून थोडं कमी अंतर मोजा, किंचित धनू राशीच्या बाजूला कला. तिथं आकाशगंगेचा पट्टा सर्वात रुंद होतो आणि त्याच्या मधोमध काळपट चिरा दिसतात. त्या चिरा म्हणजेच ती धूळ. जे तारे दिसतील ते जवळजवळ सगळे तिच्या अलीकडचे. द्विनेत्री असेल तर ती घ्या, दुर्बिणीपेक्षा तिनंच जास्त मजा येते.